पुस्तक हाती देणारी माणसे : कोल्हापूर परिसरातील सार्वजनिक ग्रंथालयांची वाटचाल

१८४४च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी विशाळगडाची मोडतोड केली आणि प्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे गडावरून खाली मलकापुरास आले. साधारण त्याच काळात, १८५० साली, कोल्हापुरात ‘नेटिव्ह लायब्ररी’ उघडली. मलकापूर कचेरीचे, बाजाराचे आणि आंबा घाटाच्या वाटेवरच्या मुक्कामाचे गाव झाले. कोल्हापूरच्या त्या लायब्ररीचे पुढे करवीर नगर वाचन मंदिर झाले आणि साऱ्या मुलखातल्या वाचणाऱ्यांचे ते हक्काचे ठिकाण बनले. आमच्या शाहूवाडी तालुक्यातल्या कोणाला एखादा जुना ग्रंथ पाहायचा असला, तर पन्नासेक किलोमीटरवरचे कोल्हापूर गाठायचे, हा रिवाज तेव्हापासूनचा.

मराठी मुलखात अशी वाचनालये त्याआधीच निघू लागली होती. रत्नागिरीचे १८२८चे, नाशिकचे १८४०चे, पुण्याचे १८४८चे. त्यांचा आरंभ बहुधा सारखाच झाला. एखादा इंग्रज अधिकारी, काही संस्थानी किंवा सरकारी नोकर, शाळामास्तर आणि वकील एकत्र आले, वर्गणी ठरली, इंग्रजी ग्रंथ आले, मागून मराठी आले. वाचनालयाच्या या खोलीत येऊ शकत नव्हते ते कोण, हेही सांगितले पाहिजे. वर्गणी न परवडणारे, अक्षरओळख नसलेले, बहुतेक सगळ्या स्त्रिया आणि अस्पृश्य मानलेले लोक यांना हे दार पुष्कळ वर्षे बंद होते. ते हळूहळू किलकिले कसे झाले, हाच माझ्या मते ग्रंथालयांच्या इतिहासाचा गाभा आहे. दार उघडण्याचे काम ठरावांनी आणि कायद्यांनी जितके केले, तितकेच पुस्तक काढून हातात देणाऱ्या माणसांनी केले.

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास छापतात तेव्हा संस्थापकांची नावे असतात, अध्यक्षांची यादी असते, इमारतीचा कोनशिला समारंभ असतो, देणगीदारांचे फोटो असतात. ते सगळे असावेच. ग्रंथपालाचे नाव मात्र अनेकदा कार्यकारी मंडळाच्या खाली, सेवकवर्गात, एका ओळीत संपते. ज्यांनी पुढे ग्रंथ लिहिले त्यांच्या आयुष्याकडे पाहिले, तर त्या एका ओळीचे वजन कळते. म्हणून या लेखात सालांच्या जोडीने त्या माणसांबद्दल लिहितो आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. वाचनालयांच्या इतिहासात या वर्षाची नोंद सहसा होत नाही. माझ्या मते ती पहिल्या पानावर व्हायला हवी. वाचता येणारी पोरे तयार झाल्यावाचून वाचनालय गावाचे होत नाही. शाळा सुटल्यावर त्या पोराला पुढे वाचायला काय मिळणार, हा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. त्याचे कायद्यातले उत्तरही आपल्याच संस्थानाने देशात सर्वांत आधी दिले. १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रासचा कायदा त्यानंतर, १९४८ साली आला. मुंबई इलाख्यात फैजी समितीने १९४०च्या सुमारास राज्यापासून खेड्यापर्यंत टप्प्याटप्प्याने ग्रंथालये उभारण्याची योजना मांडली होती, पण तिथे कायदा व्हायला पुष्कळ वर्षे गेली. १ मार्च १९४९ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९६७चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १ मे १९६८पासून अमलात आला आणि १९७०च्या नियमांनी वर्ग व अनुदान ठरले. आज कुठल्याही गावातल्या वाचनालयाच्या पाटीवर ‘शासनमान्य’ आणि त्यापुढे अ, ब, क किंवा ड वर्ग लिहिलेला दिसतो, तो त्या नियमांमुळे. कोल्हापूरने सर्वांच्या आधी पाऊल टाकले होते, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना शाळेत शिकवली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

या चळवळीचा एक धागा बडोद्याकडे जातो. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर आला आणि सयाजीराव महाराज झाला. त्यांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला सुरुवात केली. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि पेट्यांमधून फिरणारी पुस्तके अशी ती रचना होती. बॉर्डन परत गेल्यावर हे काम जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी माणसाने सांभाळले आणि त्या चळवळीवर ग्रंथही लिहिला. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई हे सयाजीरावांच्याच सेवेत होते. मराठ्यांच्या इतिहासाचे त्यांचे अवाढव्य काम बडोद्याच्या त्या ग्रंथप्रेमी वातावरणात वाढले. राजाला वाचून दाखवायला नेमलेला माणूस इतिहासकार होतो, याला नुसता योगायोग म्हणणे मला पटत नाही. हाताशी ग्रंथ होते आणि ते जमवणारी, लावणारी माणसेही होती.

बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेस गेले. त्याआधीची हकीकत चरित्रकारांनी नोंदवून ठेवली आहे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणारा हा विद्यार्थी विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या नजरेस पडला. केळुसकरांनी त्याला वाचायला पुस्तके दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे सयाजीरावांकडे शब्दही टाकला. केळुसकर पेशाने ग्रंथपाल नव्हते. योग्य वाचकाच्या हाती योग्य वेळी योग्य पुस्तक ठेवणे हे ग्रंथपालाचे काम मात्र त्यांनी बागेतल्या बाकावर केले. त्या पुस्तकाची वाट कुठवर गेली, हे आपण १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर पाहिले.

१९१७ साली बाबासाहेब परतत असताना बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके समुद्रात बुडाली. विमा कंपनीने किंवा वाहतूकदाराने पैसे दिले तरी असे नुकसान भरून निघत नाही. पुढे १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, त्यात शाहू महाराजांच्या मदतीचा वाटा होता. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या जिल्ह्यातल्या माणगावला दोघे एका व्यासपीठावर आले होते. लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बाबासाहेब सकाळी दार उघडताच जाऊन बसत, दुपारच्या जेवणासाठीही उठत नसत आणि बंद होण्याच्या वेळेला बाहेर पडत, असे धनंजय कीरांनी लिहिले आहे. ज्याला स्वतःच्या देशात पाणवठ्यावर मज्जाव होता, त्याला त्या खोलीत मागितलेला ग्रंथ मिळत होता. ग्रंथालयाची खरी कसोटी हीच आहे, असे मी मानतो : मागणाऱ्याची जात, गाव आणि खिसा न पाहता ग्रंथ मिळतो की नाही.

स्वतःला जे मिळाले ते बाबासाहेबांनी पुढे दिले. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि त्यांच्या संग्रहातले अनेक ग्रंथ तिथे आले. त्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांचे नाव बाबासाहेबांच्या चरित्रात पुन्हा पुन्हा भेटते. ग्रंथांबद्दल बोलायला त्यांना रेगे लागत. एवढ्या थोर ग्रंथकाराच्या चरित्रात एका ग्रंथपालाला जागा मिळाली, हे मला फार मोलाचे वाटते. सिद्धार्थमध्ये शिकलेल्या पिढीतून पुढे दलित साहित्याची पहिली फळी उभी राहिली. त्या साहित्याच्या समीक्षेत वेदना, विद्रोह, भाषा या सगळ्यांची चर्चा होते. त्या मुलांना पुस्तके देणाऱ्या खिडकीची चर्चा कमी होते.

मुंबईचा विषय निघाला म्हणून आमच्या भागाची एक गोष्ट सांगतो. शाहूवाडीतला माणूस पिढ्यान्पिढ्या मुंबईला गेला. गिरण्यांत, गोदीत, माथाडीत राबला, गावच्या खोलीत पथारी टाकून राहिला. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्त्यांत मोफत वाचनालये चालवली आणि पुस्तकांच्या पेट्या चाळींतून फिरवल्या. पाळी संपवून आलेल्या माणसाने दोन पाने वाचावीत आणि वाचता न येणाऱ्या चौघांनी ती ऐकावीत, असा तो काळ. गिरणगावातून मराठीला कवी, शाहीर, नाटककार मिळाले, त्यामागे या पेट्या, रात्रशाळा आणि चाळीतली छोटी वाचनालये होती. गणपतीला आणि शिमग्याला गावी येणारा चाकरमानी पिशवीतून खाऊबरोबर एखादी कादंबरी, एखादा जुना दिवाळी अंक आणी. आमच्याकडे कितीतरी घरांत पुस्तक पहिल्यांदा आले ते असे.

ग्रंथालय आणि लेखक यांचे नाते किती घट्ट असू शकते, याचे ठळक उदाहरण म्हणजे दुर्गाबाई भागवत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय हे त्यांचे दुसरे घर होते. लोकसाहित्य, बौद्ध वाङ्मय, वनस्पती, देवदेवता, खाद्यपदार्थ, आदिवासींचे जीवन असा त्यांचा चौफेर संचार त्या टाउन हॉलच्या कपाटांमुळे शक्य झाला. ‘ऋतुचक्र’ वाचताना निसर्ग दिसतो, पण त्यामागे वर्षानुवर्षांचे वाचन आहे, हे जाणकाराला ओळखू येते. १९७५च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून त्या आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या. पुढे त्यांना अटक झाली ती एशियाटिकच्या ग्रंथालयातून. पोलिसांनाही ठाऊक होते की ही बाई कुठे सापडेल! एखाद्या लेखिकेचा पत्ता ग्रंथालय असावा, याहून मोठा मान मला तरी ग्रंथालयासाठी सुचत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. कोवाडचे रणजित देसाई, आजऱ्याचे शिवाजी सावंत, शाहूवाडी तालुक्यातल्या नेर्ल्याचे विश्वास पाटील. मराठी ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबरीतली ही तीन मोठी नावे एकाच जिल्ह्यातली, तीही शहरापासून लांबच्या, डोंगरी किंवा नदीकाठच्या गावांतली. ‘स्वामी’ १९६२ची, ‘मृत्युंजय’ १९६७ची, ‘पानिपत’ १९८८ची. अशी कादंबरी नुसत्या प्रतिभेवर उभी राहत नाही. माधवराव पेशव्यांवर लिहायचे तर रियासत लागते. पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे सरदेसाईंनी संपादित केलेले पंचेचाळीस खंड लागतात. पानिपतावर लिहायचे तर राजवाड्यांनी १८९८ साली छापलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड टाळता येत नाही, कारण त्यातला पत्रव्यवहारच त्या काळातला आहे. हे ग्रंथ कुठल्या शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या घरी असणार? ते राहतात ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात. वर्षानुवर्षे त्यांना कोणी हात लावत नाही, जागा अडते म्हणून कोणीतरी ते रद्दीत काढायचे सुचवते आणि ग्रंथपाल नाही म्हणतो. मग कधीतरी एक तरुण येतो आणि नेमका तोच खंड मागतो.

सावंतांनी ‘मृत्युंजय’च्या मनोगतात केदारनाथ मिश्र ‘प्रभात’ यांच्या कर्णावरच्या हिंदी खंडकाव्याचा उल्लेख केला आहे. कोल्हापुरात शाळेत शिकवणाऱ्या एका तरुणाच्या हाती बिहारच्या कवीचे पुस्तक पडते आणि त्यातून मराठीतली सर्वाधिक वाचली गेलेली एक कादंबरी जन्मते. कपाटात काय ठेवावे, याचा निर्णय घेणाऱ्याने हे सतत लक्षात ठेवायला हवे. वाचक मागतात तेवढेच आणणारे वाचनालय चालते, नाही असे नाही. पण लेखक घडतो तो बहुधा त्याने न मागितलेल्या पुस्तकाने.

शोधणाऱ्याला वाट दाखवणाऱ्यांत शंकर गणेश दाते यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची त्यांनी १९४३ साली प्रसिद्ध केली. १९३८ ते १९५०चा भाग १९६१ साली आला. गावोगावची ग्रंथालये पालथी घालून, एकेक पुस्तक हातात घेऊन केलेले हे काम आहे. आजही मराठीतला संशोधक एखाद्या जुन्या पुस्तकामागे लागला, की त्याचा पहिला थांबा ‘दाते सूची’ असतो. शेकडो प्रबंध त्या सूचीच्या आधाराने उभे आहेत.

मलकापुरासारख्या ठिकाणी ग्रंथपालाचे काम म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावे लागते. आंबा घाटाकडचा पाऊस मृगाला सुरू होतो तो दसऱ्यापर्यंत पाठ सोडत नाही. आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते, कपाटांची दारे फुगतात, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी धरते. कसर पाने खाते, वाळवी खालच्या फळीपासून वर चढते. अशा वेळी कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढायची, खाली विटा घालायच्या, डांबरगोळ्या ठेवायच्या, वाळलेला कडुलिंबाचा पाला पसरायचा, उघडीप मिळाली की पुस्तके उन्हाला नाही तर वाऱ्याला तरी लावायची. पान सुटलेले पुस्तक बाइंडिंगला पाठवायचे. तेवढे पैसे नसतील तर खळ लावून घरीच चिकटवायचे. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक, किंमत आणि तारीख नीट उतरवायची, कारण ग्रंथालय निरीक्षकांची तपासणी केव्हाही होईल. हे सगळे करून संध्याकाळी देवघेवीच्या वेळेत हसतमुखाने बसायचे. दहावीतल्या मुलीला काय द्यावे, निवृत्त मास्तरांनी काय वाचलेले नाही, शेतावरून येणाऱ्या एखाद्या बाईला मोठ्या अक्षरांतले पुस्तक हवे आहे, हे सगळे डोक्यात ठेवायचे.

२०१९च्या ऑगस्टमधल्या महापुराने हे काम किती जिवावरचे आहे ते दाखवले. कृष्णा-पंचगंगेचे पाणी शहरांत शिरले आणि सांगलीच्या दीडशे वर्षे जुन्या नगर वाचनालयातले हजारो ग्रंथ पाण्यात गेले. पाणी ओसरल्यावर चिखलातून एकेक पुस्तक उचलणारे हात ग्रंथपालांचे, सेवकांचे आणि वाचकांचे होते. दुर्मीळ पुस्तकाचा ओला लगदा हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला काय वाटले असेल, हे ज्याने आयुष्यभर पुस्तके हाताळली त्यालाच कळेल. तेव्हापासून आमच्या भागातही जुने ग्रंथ वरच्या फळीवर ठेवा आणि त्यांची छायाप्रत किंवा संगणकीय प्रत करून घ्या, ही मागणी जोर धरते आहे. ती तातडीने पुरी झाली पाहिजे.

या माणसांना आपण काय देतो? महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये अकरा हजारांहून अधिक आहेत. त्यांतली फार मोठी संख्या क आणि ड वर्गातली, म्हणजे गावांतली. परिरक्षण अनुदानातून पुस्तके, भाडे, वीज आणि पगार हे सगळे भागवायचे असते. शेवटी ग्रंथपालाच्या हाती पडते ती रक्कम रोजगार हमीच्या मजुरीशीही अनेकदा बरोबरी करत नाही. अनुदान अधूनमधून वाढते, पण वेतनश्रेणीचा प्रश्न वर्षानुवर्षे तसाच आहे. १२ ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांची जयंती ग्रंथपाल दिन म्हणून साजरी होते, हार घातले जातात. गणिताची प्राध्यापकी सोडून १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेल्या त्या माणसाने प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे आपल्या शास्त्राचे सूत्र मानले. ते सूत्र गावात राबवणाऱ्याला घर चालवण्याइतके वेतन द्या, ही मागणी म्हणजे उपकाराची याचना नाही. शासनाने आणि संस्थाचालकांनी, दोघांनीही ती मनावर घ्यावी.

लेखकांकडेही माझे मागणे आहे. पुस्तकाच्या आरंभी ऋणनिर्देश असतो. त्यात प्रकाशक असतो, मुखपृष्ठकार असतो, मित्र आणि घरची मंडळी असतात. ज्या ग्रंथालयात बसून टिपणे काढली तिथल्या ग्रंथपालाचे आणि शिपायाचे नाव त्यात पूर्ण लिहा, गावासकट लिहा. चांगले संशोधक हे पूर्वीपासून करत आले आहेत. कथाकवितेच्या पुस्तकांतही हे रूढ व्हावे.

या स्मरणिकेच्या निमित्ताने शाहूवाडी, पन्हाळा आणि शेजारच्या भागातल्या जुन्या वाचनालयांची माहिती गोळा करायचे ठरले आहे. ज्यांच्या घरी जुन्या दाखल नोंदवह्या, वर्गणीच्या पावत्या, वार्षिक अहवाल, बंद पडलेल्या वाचनालयांचे शिक्के असलेली पुस्तके किंवा तिथे काम केलेल्या माणसांची छायाचित्रे असतील, त्यांनी ती संपादकांना दाखवावीत. प्रत काढून मूळ वस्तू परत केली जाईल. ग्रंथपालाचे नाव, गाव, कामाचा काळ आणि कोणत्या पुस्तकासाठी ते आठवतात, एवढे एका कागदावर लिहून दिले तरी पुरे. तालुक्यातल्या ज्यांची पुस्तके प्रसिद्ध झाली आहेत, त्यांनी आपण पहिले पुस्तक कुठल्या कपाटातून आणि कोणाच्या हातून घेतले, ते जरूर कळवावे.